अवधानाची यंत्रं आणि सातपुड्यातली शाळा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा मुलांची उंची, वजन, दात, डोळे, कान तपासले जातात. अंगात रक्त कमी आहे का, त्वचेवर चट्टे आहेत का, हेही पाहिलं जातं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून या कार्यक्रमाची सुरुवात झाली, तेव्हा जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये शोधायच्या ३० व्याधींची यादी ठरली. त्या यादीत एक नाव असं आहे, जे वजनकाट्यावर दिसत नाही आणि रक्ताच्या थेंबातही सापडत नाही. ते म्हणजे अवधान-कमतरता आणि अतिचंचलता, डॉक्टरांच्या भाषेत एडीएचडी. मूल धडगावच्या आश्रमशाळेतलं असो की नंदुरबार शहरातलं, त्याचा हा त्रास ओळखणं ही सरकारी आरोग्ययंत्रणेची जबाबदारी आहे.

खरी अडचण ओळखल्यानंतर सुरू होते. औषधाचं नाव निघालं की आईवडील बिचकतात. एवढ्याशा लेकराला डोक्याची गोळी कशी द्यायची, हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यात फोनवर जाहिरात येते: गोळ्या नकोत, पथ्य नको, रोज अर्धा तास हा खेळ खेळा किंवा ही पट्टी डोक्याला बांधा, मुलाची एकाग्रता वाढेल. शहाद्याच्या बाजारपेठेत दुकान चालवणारा बाप असो की नवापूरची अंगणवाडी सेविका, स्मार्टफोन आता बहुतेकांच्या हाती आहे आणि जाहिरात सगळ्यांपर्यंत पोचते.

या साधनांमागे खरं विज्ञान आहे. काहींवर मोठे, काटेकोर प्रयोग झाले आहेत. म्हणूनच त्यांच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आज बऱ्यापैकी स्पष्टपणे सांगता येतं.

आधी त्रास समजून घेऊ

जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर शंभरातल्या साधारण पाच मुलांना एडीएचडी असतो. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. निदानाच्या प्रचलित निकषांमध्ये अवधानाची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये दोन्हींपैकी एका गटातली किमान सहा लक्षणं सहा महिने टिकलेली हवीत, ती वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, आणि निदान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. ही शेवटची अट नंदुरबारसाठी फार मोलाची आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

हा त्रास संस्कार कमी पडल्याने होत नाही. त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचं बाह्यावरण वाढीच्या ओघात एका टप्प्यापर्यंत जाड होत जातं. बाह्यावरणाच्या निम्म्या भागाने हा टप्पा गाठण्याचं वय इतर मुलांमध्ये सुमारे साडेसात वर्षं निघालं, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा. क्रम तोच, वेग मात्र कमी. या मुलाला आपण 'मुद्दाम करतो' म्हणून रागावतो, तेव्हा जे त्याला अजून जमत नाही त्याचीच शिक्षा देत असतो.

गोव्यात झालेला आणि २००७ मध्येच प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास आपल्या घरांच्या जवळचा आहे. एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांना विचारलं की तुमच्या मुलाचं नेमकं काय बिनसलं आहे. त्यांच्या बोलण्यात आजार क्वचितच आला. अभ्यास होत नाही, पाठ राहत नाही, शाळेतून तक्रार येते, हीच त्यांची चिंता होती. गोळ्या बहुतेकांना नको होत्या. अशा पालकाला खेळातून प्रशिक्षण हा मार्ग पटकन आपलासा वाटतो, यात नवल नाही.

टोपी, दिवे आणि पडदा

अवधानाचं प्रशिक्षण देणारी यंत्रं मुख्यतः तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार न्यूरोफीडबॅक. मुलाच्या टाळूवर थोडी पेस्ट लावून एक छोटा धातूचा चकतीसारखा इलेक्ट्रोड चिकटवतात, कानाला आणखी एक-दोन. मेंदूतल्या विजेच्या अतिसूक्ष्म लहरी तिथून संगणकात जातात. सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या संथ लहरी झाल्या थीटा, त्याहून बऱ्याच वेगवान त्या बीटा. पडद्यावर एखादं विमान किंवा कार्टून चाललेलं असतं. थीटा कमी आणि बीटा जास्त झाल्या की विमान पुढे सरकतं, उलट झालं की थांबतं. मुलाने काय करायचं हे कुणी सांगत नाही. विमान चालवता चालवता मेंदूनेच ती अवस्था शोधावी, अशी कल्पना. अशी तीस-चाळीस सत्रं घेतात.

या कल्पनेची मुळं मांजरांवरच्या प्रयोगांत आहेत. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना मेंदूतली एक विशिष्ट लहर वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनाचा परिणाम तपासताना दिसलं की या शिकलेल्या मांजरांना फिट्स उशिरा येतात. मेंदूच्या लहरींना वळण लावता येतं, हा धागा पकडून जोएल लुबार यांनी १९७६ मध्ये अतिचंचल मुलासाठी ही पद्धत वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

दुसरा प्रकार कार्यकारी स्मृतीच्या सरावाचा. कार्यकारी स्मृती म्हणजे हातातलं काम संपेपर्यंत गोष्ट मनात धरून ठेवण्याची क्षमता. 'वही काढ, पान बारा उघड, तिसरं गणित सोडव' हे ऐकून वहीपर्यंत पोचता पोचता पान कोणतं ते विसरणारं मूल इथेच अडखळत असतं. स्वीडनचे टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी यासाठी संगणकावरचा सराव तयार केला; तो पुढे कॉगमेड या नावाने विकला गेला. पडद्यावरच्या चौकटींत एकामागून एक दिवे लागतात, मुलाने त्याच क्रमाने त्यांवर बोट ठेवायचं. तीन दिवे जमले की चार, चार जमले की पाच. चुकलं की पुन्हा खाली. रोज अर्धा-पाऊण तास, पाच आठवडे.

तिसरा प्रकार उपचार म्हणून बनवलेल्या व्हिडिओ खेळांचा. १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एंडेव्हरआरएक्स या खेळाला ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा हा पहिला व्हिडिओ गेम. मूल टॅबलेट डावी-उजवीकडे कलवत पडद्यावरच्या पात्राला अडथळे चुकवून पळवतं; त्याच वेळी ठरावीक चिन्ह आलं तर बोट टेकवायचं, दुसरं आलं तर हात आवरायचा. दोन कामं एकत्र आणि मुलाच्या कुवतीनुसार क्षणोक्षणी बदलणारा वेग, हा त्याचा गाभा. रोज साधारण २५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे.

फरक पडतो, पण कुठे?

एंडेव्हरआरएक्सच्या मुख्य प्रयोगात ३४८ मुलं होती. निम्म्या मुलांना हा खेळ आणि बाकीच्यांना शब्दांचा साधा खेळ दिला. आधी आणि नंतर संगणकावर अवधानाची चाचणी घेतली. ही चाचणी मुद्दाम कंटाळवाणी असते: पडद्यावर चौकोन उमटतो, आतला ठिपका वर असेल तर बटण दाबायचं, खाली असेल तर दाबायचं नाही, असं वीसेक मिनिटं. या चाचणीत उपचाराचा खेळ खेळलेली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. घरी मात्र चित्र वेगळं होतं. पालकांनी सांगितलेल्या लक्षणांत सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती. नियामकानेही परवानगी देताना हा खेळ इतर उपचारांच्या जोडीने वापरावा असं म्हटलं, औषधाच्या जागी नव्हे.

न्यूरोफीडबॅकची परीक्षा आणखी कडक झाली. अमेरिकेत दोन ठिकाणी ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये जाहीर झाले. एका गटातल्या मुलांचा पडदा त्यांच्याच मेंदूच्या लहरींवर चालत होता, दुसऱ्या गटात तो आधीच ध्वनिमुद्रणासारख्या साठवून ठेवलेल्या लहरींवर. कोणाला खरं आणि कोणाला लटकं मिळतंय, हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना आणि प्रशिक्षकांनाही माहीत नव्हतं. ३८ सत्रांनंतर मुलं सुधारली. चांगलीच सुधारली, आणि १३ महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. फक्त ती दोन्ही गटांत सारखी होती. खऱ्या लहरींनी लटक्यांपेक्षा जास्त काही दिलं नाही. त्यानंतर ३८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही, ज्यांना उपचार माहीत नव्हता अशा लोकांनी नोंदवलेल्या लक्षणांत ठळक फायदा सापडला नाही.

स्मृतीच्या सरावाचीही हीच गत आहे. दिव्यांचा क्रम लक्षात ठेवायला मुलं शिकतात, पण वर्गातलं लक्ष आणि गणितातले गुण त्या प्रमाणात हलत नाहीत. सायकल चालवण्याचा सराव केला की सायकल चांगली येते, पोहणं येत नाही, तसंच हे. आणि जाहिराती मात्र पोहण्याचंच आश्वासन देतात. ल्युमोसिटी हा मेंदूचा व्यायाम विकणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०१६ मध्ये अशाच दाव्यांवरून २० लाख डॉलर भरायला लावले. पुरावा नसताना केलेल्या त्या दाव्यांत एडीएचडीचाही उल्लेख होता.

मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लटक्या गटातली मुलं वाटतात. ती का सुधारली? काही भाग वयाचा, काही आशेचा असणार. पण आणखीही काही घडलं होतं. आठवड्यामागून आठवडे कुणीतरी मोठं माणूस ठरल्या वेळी त्या मुलाला घेऊन जात होतं, त्याच्याजवळ बसत होतं, त्याने थोडा वेळ धीर धरला की शाबासकी देत होतं. माझी समजूत अशी की यंत्राच्या श्रेयातला मोठा वाटा या माणसांचा आहे. तसं असेल तर तंत्रज्ञान त्या माणसांसाठी वापरायला हवं.

नंदुरबारमध्ये आधी काय तपासायचं

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, दहातले जवळपास सात लोक आदिवासी आहेत. घरी भिली, पावरी, मावची बोलली जाते. अहिराणी आणि गुजरीही कानावर पडते. पहिलीच्या वर्गात मात्र मराठी पुस्तक. शिक्षक काय म्हणतात हे ज्या मुलाला कळत नाही, ते चुळबुळ करणार, खिडकीबाहेर पाहणार, उठून जाणार. तेच मूल शेळ्या वळताना किंवा नदीवर मासे धरताना तासभर एकाग्र असेल, सांगितलेलं काम पूर्ण करत असेल, तर एडीएचडीची दोन ठिकाणांची अट तिथे पुरी होत नाही. त्याला त्याच्या बोलीत समजावणारा शिक्षक हवा आहे. निवासी आश्रमशाळेत ही पडताळणी अधिक काळजीने करावी लागते, कारण तिथे 'घर' म्हणजे वसतिगृह. अधीक्षक, स्वयंपाकाच्या ताई आणि सुट्टीला घरी गेल्यावर आई, या तिघांना विचारल्याशिवाय निदानाकडे जाऊ नये.

शरीराची तपासणीही तितकीच गरजेची. ऐकू कमी येणारं मूल लक्ष देत नाही असंच वाटतं. चष्म्याची गरज असलेलं मूल फळ्यावरून नजर काढून घेतं. लोहाची कमतरता, अपुरी झोप आणि एखाद-दोन क्षण मूल शून्यात बघत राहतं अशा प्रकारचा अपस्मार, या सगळ्यांचं रूप अवधानाच्या त्रासासारखं असतं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे. या आजारात मेंदूला वरून न दिसणारी इजा होऊ शकते आणि तिचा परिणाम लक्ष आणि अभ्यासावर होतो. त्यामुळे इथल्या मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हा पहिल्या प्रश्नांपैकी एक असायला हवा.

वाचन-लेखनातली अक्षमता बऱ्याचदा एडीएचडीच्या जोडीने येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे. म्हणून तीही तपासून घेतली, तर मुलाला परीक्षेतल्या सवलतींचा रस्ता खुला होऊ शकतो.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघणाऱ्या कुटुंबाला, किंवा रेंज पकडायला टेकडी चढावी लागणाऱ्या पाड्यावरच्या आईला, सलग चार-पाच आठवडे पडद्यासमोरचं प्रशिक्षण कसं जमणार? तिची निवड अशा गोष्टीची हवी, जी फडावरही सोबत नेता येईल.

फोन मोठ्यांच्या हातात

अशी गोष्ट आहे, आणि तिच्यामागचा अनुभव यंत्रांपेक्षा जुना आहे. आईवडिलांना आणि शिक्षकांना मुलाशी वागण्याच्या नेमक्या पद्धती शिकवणं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका औषधाच्याही आधी हेच सुचवते.

त्यात काय असतं, ते जवळून पाहू. शिक्षक त्या मुलासाठी तीनच कामं ठरवतात: प्रार्थनेनंतर जागेवर बसणं, गणिताच्या तासात दोन उदाहरणं पूर्ण करणं, बोलण्याआधी हात वर करणं. काम मोजता येईल असं हवं. 'शहाण्यासारखं वाग' हे मोजता येत नाही. प्रत्येक तासाला त्याच्या कार्डावर जमलं की खूण. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन, नाव घेऊन. दहा मिनिटांच्या कामानंतर फळा पुसायला किंवा पाणी आणायला उठण्याची मुभा. शाळा सुटताना कार्ड घरी जातं, आणि त्यावर ठरलेल्या खुणा असतील तर त्याच संध्याकाळी छोटंसं बक्षीस: बाबांसोबत बाजारात जाणं, झोपताना आवडती गोष्ट. बक्षीस पुढच्या महिन्यावर ढकललं तर या मुलांसाठी ते नसल्यातच जमा होतं, कारण लांबच्या फळासाठी आज थांबणं हेच त्यांना कठीण जातं.

आता इथे फोन आणा. आईला वाचता येत नसेल तर कार्डाऐवजी शिक्षक तिला पावरीत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवू शकतात. मूल वसतिगृहात असेल तर तोच मेसेज उसाच्या फडावर पोचतो आणि वडिलांची शाबासकी तशीच परत येते. फोनमधलं घड्याळ दहा मिनिटांची वेळ लावतं. प्रशिक्षित समुपदेशक व्हिडिओवरून आई आणि शिक्षक दोघांनाही एकाच बैठकीत मार्गदर्शन करू शकतो.

हे नुसतं स्वप्न नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि ओरेगॉन राज्यांत, जिथे बालमानसोपचारतज्ज्ञ जवळपास नव्हते अशा भागांतल्या एडीएचडी असलेल्या २२३ मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला व्हिडिओवरून तज्ज्ञांच्या सहा भेटी मिळाल्या. औषधाचा निर्णय त्यात होता, आणि सोबत गावातल्याच कार्यकर्त्यांनी, दुरून मिळणाऱ्या देखरेखीखाली, पालकांना प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांना तज्ज्ञाचा फक्त एकदा सल्ला मिळाला. पहिल्या गटातली मुलं अधिक सुधारली. नंदुरबारसारख्या जिल्ह्याला उपयोगी पडेल असा तंत्रज्ञानाचा पुरावा इथे आहे.

त्यासाठी लागणारी बरीच हत्यारं आपल्याकडे आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो. ई-संजीवनीतून आरोग्य केंद्र दूरच्या डॉक्टरांशी जोडता येतं. २०२० पासून नंदुरबारमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाल स्वास्थ्य पथकं शाळाशाळांत जातातच. कमी आहे ती या सगळ्यांना एका मुलाभोवती बांधणारी साखळी. पथकाने नोंद केली, महाविद्यालयातल्या तज्ज्ञाने तपासलं, समुपदेशक महिन्यातून दोनदा शिक्षकांशी बोलले, आणि बोली जाणणाऱ्या आशाताईंनी आईला समजावलं, तर एकही महागडं यंत्र न घेता उपचार सुरू होतो.

औषधाबद्दलही मनात अढी नको. मिथाइलफेनिडेट हे लक्षणं कमी करण्यात सर्वांत चांगला पुरावा असलेल्या उपचारांपैकी एक आहे. ते नियंत्रित औषध असल्याने फोनवरच्या सल्ल्यातून मिळत नाही, तज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटावं लागतं. त्रास तीव्र असेल तर ती भेट टाळू नये. गोळी आणि वर्तन-प्रशिक्षण यांचं भांडण नाही. अनेक मुलांना दोन्ही लागतात.

आणि मैदान विसरू नये. मॅथ्यू पाँटिफेक्स यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एडीएचडी असलेली मुलं फक्त वीस मिनिटं झपाझप चालल्यानंतर लक्ष लागण्याच्या चाचणीत आणि वाचन-गणितात अधिक चांगली ठरली. खो-खोचा तास शिक्षा म्हणून ज्याच्याकडून आपण काढून घेतो, त्यालाच त्याची सर्वांत जास्त गरज असते.

पैसे भरण्याआधी

कुणी अवधान वाढवणारं यंत्र किंवा ॲप विकायला आलं तर तीन प्रश्न विचारा. हे वापरलेल्या आणि न वापरलेल्या मुलांची तुलना झाली आहे का? सुधारणा खेळाच्या गुणांत झाली की वर्गात? आणि ती ज्यांनी नोंदवली, त्यांना मुलाला काय दिलं जातंय हे माहीत होतं का? उत्तरं समाधानकारक असतील तर डॉक्टरांशी बोलून, इतर उपचारांच्या जोडीने, वापरून पाहायला हरकत नाही. उत्तर टाळलं गेलं तर ते पैसे मुलाच्या चष्म्यासाठी, जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या गाडीभाड्यासाठी आणि आठवड्याला एक मोकळा तास त्याच्यासोबत घालवण्यासाठी ठेवा. शाळेला मात्र आजच सांगा: याला तीन कामं ठरवून द्या, आणि जमलं की मला कळवा.